आजोबांची दुनळी बंदूक दादाला अमेरिकेला न्यायचीय, कुणाला माहिती आहे का?

बाळीवेसची_नात

नमस्कार मंडळी. आमच्या आप्पांकडं म्हणजे आजोबांकडं एक जुनी दुनळी बंदूक आहे, बारा बोरची. मोहोळ तालुक्यात आमची शेती, तिथं पूर्वी रानडुकरं आणि हरणांचे कळप पिकात घुसायचे म्हणून पणजोबांनी रीतसर लायसन काढून घेतलेली. ते गेल्यावर आप्पांच्या नावावर झाली. आता आप्पा ८४ वर्षांचे आहेत आणि त्यांनी एकच धरून ठेवलंय की बंदूक थोरल्या नातवाला, म्हणजे माझ्या दादाला द्यायची. दादा बरीच वर्षं डॅलसला आहे, ग्रीन कार्ड झालंय. तो जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला येणार आहे तेव्हा त्याच्या हातात द्यायची आणि त्यानं जाताना घेऊन जायची असं आप्पा म्हणलालेत. त्यांचं म्हणणं, तिकडं तर दुकानात बंदुका मिळतात, मग आपली घरची न्यायला कोण कशाला अडवेल.

माझ्या आठवणीत ही बंदूक कधी वाजलेली नाही. वर्षभर कपाटात कुलपात असते, खंडेनवमीला बाहेर काढून पुसून तेल लावून पूजा होते, आणि निवडणूक आली की पोलीस स्टेशनला जमा करून पावती आणायची. तेलपाणी मीच करते कारण आप्पांचे हात आता थरथरतात. पण आमच्या घरात ती नुसती वस्तू नाही, पणजोबांची म्हणून एवढी एकच गोष्ट राहिलीय, बाकी सगळं वाटणीत गेलं.

आता घरात जो तो वेगळंच सांगलालाय. काका म्हणतात शंभराच्या स्टॅम्पवर बक्षीसपत्र करा झालं काम. आत्याचे मिस्टर म्हणतात नळ्या आणि दस्ता वेगळे करून दोन बॅगांत टाका, सुटे भाग म्हणून जातील. एकजण म्हणाला कुरिअर करा. मला यातलं काहीच बरोबर वाटत नाहीये म्हणून विचारलालेय. नळीवर वेब्ली अँड स्कॉट आणि बर्मिंगहॅम असं कोरलंय, नंबर आहे, आणि लायसनच्या जुन्या वहीतलं सगळ्यात आधीचं पान १९३४ चं आहे. खरंच नेता येते का, आणि येत असेल तर सुरुवात कुठनं करायची? आप्पांच्या डोळ्यादेखत व्हावं एवढीच इच्छा आहे.

जुना_कारकून_सातरस्ता

ताई, पहिलं म्हणजे नळ्या वेगळ्या करून बॅगेत टाकणं आणि कुरिअर करणं हे दोन्ही डोक्यातनं काढून टाका आणि ज्यांनी सांगितलं त्यांनाही सांगा. आर्म्स अॅक्ट १९५९ मधे बंदुकीचे भागसुद्धा शस्त्रातच मोजतात. सुटी नळी एक्सरेमधे दिसली की पोलीस बोलावतातच, मग घरचं आहे पणजोबांचं आहे हे सांगायची वेळ कोर्टात येते.

माझी नोकरी परवाना शाखेत गेली, बंदुकीच्या फायली लै हाताळल्यात, म्हणून सांगतो. तुमच्या प्रश्नात देश ओलांडायची गोष्ट नंतरची आहे, आधी इथलं बघा. आप्पांच्या लायसनवर यूआयएन नंबर, म्हणजे देशभराच्या नोंदीतला लायसनधारकाचा ओळख क्रमांक, पडलाय का? नसेल तर आता ते लायसन चालत नाही. रिन्यूअलची तारीख बघा, पूर्वी ३ वर्षांची मुदत असायची, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५ वर्षांची मिळते. आणि पत्ता कुठला आहे? मोहोळचा असेल तर फाईल जिल्हाधिकारी कार्यालयात असणार, बाळीवेसचा असेल तर पोलीस आयुक्तालयात. सोलापूर शहराला १९९२ ला आयुक्तालय झालं तेव्हापासून हा घोळ चालू आहे, माणूस शहरात राहायला येतो आणि लायसन गावच्या पत्त्यावर पडून राहतं, मग दोन्हीकडं हेलपाटे.

बक्षीसपत्राचं म्हणाल तर शेत किंवा घर असतं तर ठीक होतं, बंदूक अशी देता येत नाही. ज्याला द्यायची त्याच्याकडं ती बाळगायचा हक्क म्हणजे लायसन पाहिजे. आणि कलम ५ प्रमाणं देणाऱ्यानं आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना नाहीतर जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. विकत द्या नाहीतर फुकट द्या, नियम तोच.

पण एक चांगली गोष्ट आहे. २०१६ चे आर्म्स रूल्स आले त्यात नियम २५ आहे. लायसनधारक ७० वर्षांचा झाला, किंवा बंदूक त्याच्याकडं २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच आपल्या पसंतीच्या वारसाला लायसन द्या म्हणून अर्ज करू शकतो. आप्पा दोन्हीत बसतात. हे आत्ताच करा ताई, हात जोडून सांगतो. लायसनधारक गेला की त्या दिवसापासून घरातल्या कुणालाच बंदूक ठेवायचा हक्क राहत नाही, कलम २१ खाली विनाविलंब पोलीस स्टेशनला किंवा लायसनवाल्या शस्त्र विक्रेत्याकडं जमा करावी लागते. लोक दुःखात असतात, तेराव्यापर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही, मग महिने जातात, मग भीतीनं कुणी जातच नाही. अशा बंदुका मुद्देमालाच्या खोलीत गंजताना मी बघितल्यात, चांगल्या चांगल्या घरातल्या.

प्रश्न फक्त एवढाच की वारस कोण. दादा इथं राहत नाही. लायसनला राहण्याचा पुरावा लागतो, पोलीस पडताळणी लागते, साहेब पहिलं हेच विचारणार की बंदूक ठेवणार कुठं.

नव्या_पेठेतला

माझ्या ओळखीच्या एकानं तलवार नेली होती चेक इनमधे, काही झालं नाही. एवढं घाबरायचं कारण नाही असं मला वाटतं. लायसन दाखवलं की सोडतात.

बार्शी_ते_ह्यूस्टन

नव्या पेठेतले मालक, तलवारीचं आणि बंदुकीचं गणित एक नाही ओ, कृपया असं सांगू नका, कुणीतरी खरंच करेल.

ताई मी मूळचा बार्शीचा, आता ह्यूस्टनला असतो, इथं क्ले शूटिंगला जातो म्हणून इकडची बाजू नीट माहीत आहे ती सांगतो. तुमच्या आप्पांना जे वाटतं ते सगळ्यांनाच वाटतं, की अमेरिकेत बंदुका इतक्या आहेत तर एक आणली तर काय. इथं दुकानात घेणं सोपं आहे आणि टेक्सासात घरात शॉटगन ठेवायला वेगळं लायसनही लागत नाही, पण बाहेरच्या देशातनं आणायची म्हटली की तो इम्पोर्ट होतो, आणि त्याला १९६८ चा गन कंट्रोल अॅक्ट लागतो. एटीएफ म्हणून इथलं बंदुकांचं कामकाज बघणारं सरकारी खातं आहे, त्यांचा फॉर्म ६ भरून परमिट आधी हातात पाहिजे, बंदूक नंतर. तोही दादानं स्वतः भरून सहसा चालत नाही, इथला लायसनवाला इम्पोर्टर नाहीतर डीलर गाठून त्याच्या नावानं करावा लागतो, तो त्याची फी घेतो, मग कस्टममधनं सोडवताना फॉर्म ६ए. परमिट नसताना विमानतळावर उतरला तर बंदूक जप्त होणार आणि दादाच्या ग्रीन कार्डच्या फाईलला जे लागेल ते आयुष्यभर पुसलं जाणार नाही. हे त्याला स्पष्ट सांगा.

वारसाहक्कानं आली म्हणून सूट असते असं कुणी तुम्हाला सांगेल, ती सूट आहे पण अमेरिकेतल्या अमेरिकेत, म्हणजे एका राज्यात आजोबा वारले आणि दुसऱ्या राज्यातल्या नातवाला मृत्युपत्रानं बंदूक मिळाली तर. देशाबाहेरनं आणायला ती लागू नाही. तसंच कस्टमचा ४४५७ नंबरचा फॉर्म असतो, तो इथनं शिकारीला बाहेर नेलेली स्वतःची बंदूक परत आणताना कामाचा. लोक हे दोन्ही गोंधळतात.

दादाचं ग्रीन कार्ड आहे हे बरं आहे. एच वन वर असता तर विषयच संपला होता, नॉन इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला काही अपवाद सोडले (वैध हंटिंग लायसन वगैरे) तर बंदूक जवळ बाळगणंच फेडरल गुन्हा आहे. आपली किती पोरं मित्राबरोबर हौसेनं रेंजवर जातात आणि त्यांना हे माहीत नसतं.

आता बंदुकीचं वय. इकडं १८९८ किंवा त्याआधी बनलेली असेल तर ती अँटिक, तिला फॉर्म ६ ची गरज नाही. ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर क्युरिओ अँड रेलिक म्हणतात, त्याला थोडी सवलत आहे पण परमिट लागतंच. तुमच्या नळीवर वेब्ली अँड स्कॉट आहे म्हणालात, ते सुटसुटीत नाव कंपनीनं १९०६ ला घेतलं, म्हणजे १८९८ च्या आतली नाही हे नक्की. दुनळी शॉटगन खेळाची बंदूक म्हणून बसते त्यामुळं परमिट मिळण्यासारखं आहे. फक्त नळीची लांबी मोजा, १८ इंचाच्या आत असेल तर इथं ती वेगळ्याच कडक कायद्यात जाते. आपल्याकडं फुटलेलं तोंड कापून टाकलेल्या बंदुका असतात म्हणून म्हटलं.

अजून एक, हे आप्पांना कसं सांगायचं तुम्ही ठरवा. इम्पोर्टरला बंदुकीवर स्वतःचं नाव, गाव आणि राज्य कोरावं लागतं, कायदाच आहे. पणजोबांच्या बंदुकीवर टेक्सासच्या कुठल्यातरी दुकानाचं नाव येणार.

अॅडव्होकेट_होटगी_रोड

वरच्या दोघांनी चांगलं लिहिलंय. मी मधला तुकडा जोडतो, भारतातनं बाहेर काढायचा, कारण तिथंच लोक अडकतात आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आर्म्स अॅक्टचं कलम १० म्हणतं की शस्त्र देशात आणायला किंवा देशाबाहेर न्यायला लायसन पाहिजे. त्याला एक अपवाद आहे, ज्याला कायद्यानं शस्त्र बाळगायचा हक्क आहे तो स्वतःच्या खाजगी वापरासाठी माफक प्रमाणात नेऊ आणू शकतो. इथं "ज्याला हक्क आहे तो" हे महत्त्वाचं. हक्क आप्पांना आहे. दादाला नाही. आप्पांचं लायसन खिशात घालून दादा विमानतळावर गेला तर त्याच्या हातात ती विनापरवाना बंदूक आहे, मग ती आजोबांची असो नाहीतर आणखी कुणाची.

दुसरा कायदा म्हणजे १९७२ चा पुरावशेष कायदा, अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स अॅक्ट. शंभर वर्षं किंवा जास्त जुनी ऐतिहासिक, कलाकुसरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही. तलवार नेली काही झालं नाही म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो, जुनी तलवार याच कायद्यात सापडते आणि कस्टमला शंका आली की पुरातत्त्व खात्याचं ही वस्तू पुरावशेष नाही असं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, नसेल तर माल तिथंच राहतो आणि तुमच्यावर केस होते.

आता दोन्ही देशांचे कायदे शेजारी ठेवून बघा. अमेरिकेत १८९८ च्या आतली बंदूक बिनापरमिट आत येते, पण ती शंभर वर्षांच्या वर असल्यानं भारतातनं निघत नाही. आणि जी भारतातनं निघू शकते, म्हणजे शंभरच्या आतली, तिला अमेरिकेत परमिट लागतं. त्यामुळं सोपी वाट अशी कुठलीच नाही. ताई, तुमची बंदूक नेमकी सीमेवर असायची शक्यता आहे. लायसन १९३४ चं आहे पण बंदूक तेव्हा नवीच घेतली होती की कुणाकडनं जुनी, हे वहीवरनं कळत नाही. त्या काळात साहेब लोक बदलून जाताना बंदुका विकून जायचे. नळ्या खोलल्यावर खालच्या सपाट भागावर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुकीची नळी तपासून पास करणाऱ्या संस्थेचे, शिक्के असतील, तिथले नियम १९०४, १९२५ आणि १९५४ ला बदलले त्यामुळं शिक्क्यांवरनं काळ ओळखता येतो. १९२१ नंतरच्या पुष्कळ बंदुकांवर फुलीसारखी एक बारीक खूण आणि तिच्या आसपास अक्षरं असतात, त्यातलं एक अक्षर वर्षाचं. भिंग लावून बघा, फोटो काढून ठेवा. पण ते आप्पांसमोर घरीच करा, बंदूक घेऊन कुणाकडं ओळखायला जाऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, काडतुसं. बंदुकीची जुनी चामड्याची पेटी किंवा पट्टा दादा आठवण म्हणून नेणार असेल तर आतला प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. एक जुनं काडतूस राहिलं तरी विमानतळावर गुन्हा दाखल होतो. नकळत राहिलं होतं हा बचाव आहे, सुप्रीम कोर्टानं १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात सांगितलंय की बाळगणं म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणं, त्यावर पुढं हायकोर्टांनी अशा केसेस रद्दही केल्यात. पण तोपर्यंत फ्लाइट गेलेली असते, पासपोर्टचा प्रश्न येतो, आणि दादासारख्याला परत जायची तारीख पाळता येत नाही. अशा माणसांची कागदं मी बघितलीत, सगळी सज्जन माणसं होती.

अक्कलकोट_रोड

विषय निघालाच आहे तर उलटं विचारतो. माझे मामा कॅनडातनं कायमचे परत येणार आहेत, त्यांच्याकडं शिकारीची एक रायफल आहे तिथल्या लायसनवर. ती आणता येते का?

अॅडव्होकेट_होटगी_रोड

सामानातनं बंदूक आणायला मनाई आहे, पण कायमचं राहायला येणाऱ्यांना एक सवलत आहे. किमान एक वर्ष राहायला येत असतील तर एकच बंदूक, तीही परवानगी असलेल्या बोरचीच. ती त्यांच्याकडं बाहेर किमान एक वर्ष वापरात असली पाहिजे, ड्यूटी भरावी लागते, आणि इथलं भारतातलं लायसन आधी हातात पाहिजे. शिवाय आणल्यावर ती हयातीत कुणाला विकता, देता, उसनी देता येत नाही. म्हणजे मामांनी आधी सोलापुरात लायसनचा अर्ज करावा, बोर कुठला आहे ते बघावं, तोपर्यंत रायफल तिकडंच ठेवावी. लष्करी बोर असेल तर नाद सोडून तिथंच विकावी.

बाळीवेसची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री आप्पांबरोबर बसून बंदूक खोलली. वकील साहेबांनी सांगितलेली खूण सापडली, भिंगातनं बघितल्यावर अक्षरं दिसली, पण वर्षाचं अक्षर अर्धं झिजलंय. म्हणजे १९२१ नंतरची आहे एवढं पक्कं झालं, शंभराच्या आत की बाहेर ते काही कळेना. नळी २८ इंच आहे, कापलेली नाही. लायसनवर यूआयएन आहे, मुदत अजून आहे, पत्ता मात्र मोहोळचाच.

दादाशी बोलले. त्याला ग्रीन कार्डचं ऐकून धक्काच बसला, तो म्हणाला परमिट काढायला मी तयार आहे, खर्चाचंही काही नाही, पण आप्पांना तेवढं थांबायला सांग. आणि आप्पांना मी सगळं वाचून दाखवलं. दुकानाचं नाव कोरायचं ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले तसं नको. आता त्यांचं म्हणणं आहे की मग निकामी करून द्या, नळीत शिसं ओतून, शोभेची म्हणून नेऊ दे त्याला.

बार्शी_ते_ह्यूस्टन

ताई ते करू नका प्लीज. अमेरिकेच्या कायद्यात बंदुकीचा मुख्य सांगाडा, ज्यात घोड्याची यंत्रणा बसते, तो शाबूत असेल तर ती बंदूकच राहते, नळी बुजवली तरी. खरी निकामी करायची तर तो सांगाडाच कापावा लागतो. म्हणजे बंदूकही गेली आणि काय नेलं तर लोखंडाचे तुकडे. एवढ्या चांगल्या जुन्या बंदुकीचं असं करताना बघवणार नाही मला. आणि भारतातही निकामी करायचे नियम आहेत, घरी शिसं ओतून होत नाही ते.

मंगळवेढ्याचा_पाटील

मी नुसताच वाचत होतो पण आता राहवेना म्हणून लिहितो. आमच्याकडं हाच प्रसंग आला होता, माझ्या चुलत्यांची बंदूक, मुलगा ऑस्ट्रेलियात, सगळ्यांनी धरलं की मुलालाच गेली पाहिजे, वंशाची आहे, मुलीकडं गेली तर दुसऱ्या घरात जाईल. त्यात दोन वर्षं गेली आणि चुलते गेले. मग बंदूक जमा करावी लागली, तीन भावंडांची ना हरकत लागली, त्यातला एकजण रुसलेला. शेवटी लायसन झालं ते बहिणीच्याच नावावर, कारण गावात राहणारी तीच होती. आज बंदूक तिच्या घरात आहे, खंडेनवमीला सगळे तिच्याकडं जमतो, ऑस्ट्रेलियातला भाऊ आला की पहिला तिच्याकडं जातो. कुणाच्या वंशाला काही झालं नाही.

ताई, सगळा धागा वाचला तर तेल कोण लावतं, पावती कोण आणतं, शिक्के भिंगातनं कुणी बघितले, सगळीकडं तुम्हीच दिसता. आप्पांनी नियम २५ चा अर्ज तुमच्या नावानं करायला काय हरकत आहे? कायद्यात मुलगा मुलगी बघत नाहीत. दादालाही जानेवारीत येऊन हातात घेता येईल, फोटो काढता येईल, पूजा करता येईल. एक देश ओलांडायला दोन कायदे आणि एक इम्पोर्टर लागतो, आणि बाळीवेसला ठेवायला एक अर्ज. कुणी तुम्हाला हे आधी का सांगितलं नाही याचंच मला वाईट वाटलं.

नव्या_पेठेतला

वर मी जे लिहिलं ते कुणी करू नका, वकील साहेबांचं बरोबर आहे. पाटलांचं म्हणणं पटलं. दुसरा मार्ग म्हणजे संग्रहालयाला देऊन टाकणं, अक्कलकोटच्या राजवाड्यात शस्त्रागार आहे तसं कुठंतरी, निदान लोक बघतील.

अॅडव्होकेट_होटगी_रोड

संग्रहालयालासुद्धा परवाना लागतो आणि देतानाही तीच ४५ दिवसांची सूचना, त्यामुळं त्यात सोपं काही नाही. पाटलांच्या सूचनेला कायद्याची काही अडचण दिसत नाही. ताईंच्या नावावर आधी काही शस्त्र नाही असं धरतो, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाहक्काची धरूनसुद्धा. आणि पुढं कधी दादाला खरंच न्यायची झाली तर तेव्हा पुरातत्त्व खात्याकडनं वयाचा निकाल करून घेता येईल, ती वाट बंद होत नाही. पण लायसनचं आप्पांच्या हयातीत झालं पाहिजे, यात मी कारकून साहेबांच्या पूर्ण बाजूनं आहे.

बाळीवेसची_नात

पाटील काका, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं, तिला रडू आलं. मला स्वतःहून म्हणायचा धीर नव्हता, कारण आप्पांच्या मनात दादा आहे हे माहीत होतं. दादालाच मी फोन लावून दिला आणि तोच आप्पांशी बोलला. त्यानं सांगितलं की आप्पा माझ्याकडं तिकडं ती कुलपात पडून राहील, माझ्या पोरांना ती कुणाची हे सांगायला इथलं घरच पाहिजे, तिच्या नावावर करा. आप्पा लगेच हो म्हणाले नाहीत, सकाळी चहा पिताना म्हणाले की फॉर्म आण.

तर आता विचारायचं हे की अर्ज मोहोळच्या पत्त्यावरनं जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा की आधी पत्ता बदलून आयुक्तालयात? मी शहरात राहते. आणि आप्पांना प्रत्येक वेळी ऑफिसला न्यावं लागेल का, त्यांना जिने चढवत नाहीत.

जुना_कारकून_सातरस्ता

लै बरं वाटलं ताई वाचून.

तुम्ही शहरात राहता आणि बंदूकही शहरात राहणार, तर नवीन लायसन आयुक्तालयाकडनं घ्यायचं. पण आप्पांची फाईल जिल्हाधिकारी कार्यालयात आहे म्हणून तिथंही आप्पांच्या सहीचं पत्र द्यावं लागेल की माझं वय ७० च्या वर आहे, नियम २५ खाली नातीच्या नावे करायचंय, माझी संमती आहे. दोन्ही ऑफिसांत एकाच दिवशी अर्ज द्या आणि दोन्हीकडच्या पोच घ्या, एकाची झेरॉक्स दुसऱ्याला जोडा, म्हणजे फाईल एकमेकांकडं बोट दाखवत बसत नाही. सोबत आप्पांच्या लायसनची प्रत, बंदुकीचा नंबर, तुमच्या राहण्याचा आणि वयाचा पुरावा, डॉक्टरचं सर्टिफिकेट, बंदूक हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि बाकीच्या वारसांची ना हरकत. वडील, काका, आत्या सगळ्यांच्या सह्या आत्ताच घ्या, गड्ड्याच्या यात्रेला सगळे जमणार असतील तर तेव्हाच उरकून टाका. दादाची सहीपण लागेल, तो आला की नोटरीसमोर करून घ्या, तो परत गेल्यावर तिकडनं कागद मागवणं अवघड जातं.

आप्पांना एकदा तरी यावं लागेल जबाबाला. आधी शाखेत जाऊन वय सांगा, जिने चढवत नाहीत असं लेखी द्या, खाली येऊन जबाब घ्या म्हणून विनंती करा. आमच्या वेळी आम्ही घेत होतो. आणि तुमचं लायसन हातात पडेपर्यंत बंदूक आप्पांच्याच ताब्यात, आप्पांच्याच कपाटात राहू द्या, मधल्या काळात आचारसंहिता लागली तर जमाही आप्पांच्याच नावानं करायची, तुमच्या नाही.

ट्रेनिंग सर्टिफिकेटचं शाखेतच विचारा, कुणाचं चालतं ते तेच सांगतील. सोमवारी गर्दी असते, मंगळवारी जा.